अ‍ॅस्कोफायलमचं सीवीड एक्स्ट्रॅक्ट, एक सीझन वापरून: बाटलीत नक्की असतं काय?

निकाल आधी सांगते. अ‍ॅस्कोफायलम नोडोसम नावाच्या तपकिरी समुद्री शेवाळापासून काढलेलं हे काळपट लिक्विड मी कुंड्यांमधल्या टोमॅटोला, मिरचीला आणि थोड्या फुलझाडांना एक अख्खा सीझन दिलं, आणि माझ्याकडून त्याला पाचपैकी साडेतीन स्टार. काम करतं, नक्की करतं, पण बहुतेक लोक ज्या अपेक्षेने घेतात ते काम हे करत नाही. खत समजून घेतलंत तर निराश व्हाल. ऊन चढायच्या आधी, पाण्याचा ताण पडायच्या आधी दिलंत तर फरक दिसतो. आणि जो दीड स्टार कापलाय तो सगळा लेबलसाठी कापलाय, आतल्या मालासाठी नाही.

ब्रँडचं नाव देत नाहीये, कारण मी जे बोलणार आहे ते या प्रकारच्या बऱ्याच बाटल्यांना लागू पडतं आणि मला एका कंपनीला धरायचं नाहीये. लेबलवर साधारण असा दावा आहे की हे शेवाळ समुद्रात भयंकर ताण सहन करतं आणि तीच ताण सहन करायची ताकद तुमच्या झाडाला मिळते. यातलं पहिलं अर्धं शंभर टक्के खरं आहे. दुसरं अर्धं जसं लिहिलंय तसं खरं नाहीये, पण त्याच्या जवळपास एक खरी गोष्ट आहे आणि ती लेबलवरच्या वाक्यापेक्षा कितीतरी भारी आहे. म्हणून हा रिव्ह्यू लांबलाय.

पहिलं अर्धं घेऊ. अ‍ॅस्कोफायलम उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यांवर वाढतं, भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात. म्हणजे रोज काही तास पाण्याखाली आणि काही तास उघड्यावर. उघडं पडलं की वारा सुकवतो, ऊन भाजतं, पाऊस आला तर खारट पाण्याची सवय असलेल्या पेशींवर डायरेक्ट गोडं पाणी, थंडीत वरून बर्फ. बरं, जमिनीवरच्या झाडासारखी याला पाणी ओढणारी मुळं नाहीत, खालचा भाग फक्त खडकाला घट्ट पकडून ठेवतो. पानांवर मेणाचा थर नाही, बंद करता येतील अशी रंध्रं नाहीत. पळता येत नाही, दार लावून घेता येत नाही. म्हणून जे काही करायचं ते केमिस्ट्रीने. आणि हे एक-दोन वर्षं नाही, अ‍ॅस्कोफायलम खूप हळू वाढणारं आणि दीर्घायुषी शेवाळ आहे, त्याच्या फांदीवर साधारण वर्षाला एक हवेचा फुगा येतो आणि ते फुगे मोजून फांदीच्या वयाचा अंदाज लावतात.

आता उघडं पडल्यावर आत काय होतं ते बघा, कारण बाटलीचा सगळा खेळ इथूनच सुरू होतो. सूर्यप्रकाश पडतच असतो, हरितद्रव्य तो शोषतच असतं, पण शेवाळ सुकायला लागलं की प्रकाशसंश्लेषणाची पुढची गाडी अडते, कार्बन डायऑक्साइड पुरत नाही, आणि मग त्या प्रकाशाच्या ऊर्जेने सुटलेले इलेक्ट्रॉन जाऊन ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे तयार होतात, आणि हे पदार्थ मेम्ब्रेन, प्रोटीन, डीएनए जे सापडेल ते जाळत सुटतात. ऊन असो, थंडी असो, तांब्यासारखा धातू पाण्यात वाढलेला असो, ताण कुठलाही घ्या, बहुतेक वेळा शेवटी प्रकरण याच रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजनपाशी येतं. शेवाळाकडे ते आवरायला एन्झाइमची फौज असते, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, अ‍ॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज. फ्युकस गटातल्या तपकिरी शेवाळांमध्ये तर हे छान दिसतं, किनाऱ्यावर जी जात जास्त वर, म्हणजे जास्त वेळ कोरड्यात राहते, तिची ही यंत्रणा खालच्या पट्ट्यातल्या भावंडांपेक्षा दणकट असते.

मग मिठाचा प्रश्न. सुकताना पेशीच्या बाहेरचं पाणी कमी होतं, मीठ गडद होतं, आणि ते आतलं पाणी बाहेर खेचायला लागतं. यावर तपकिरी शेवाळांचा उपाय म्हणजे मॅनिटॉल. ही एक शर्करा-अल्कोहोल आहे, पेशीच्या आत भरपूर साठवली तरी एन्झाइमच्या कामात ढवळाढवळ करत नाही आणि पाणी धरून ठेवते, शिवाय रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजनपैकी काही पकडते पण. केल्पसारख्या मोठ्या तपकिरी शेवाळांत वाढीच्या सीझनच्या शेवटी मॅनिटॉल कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या वर जाऊ शकतं, म्हणजे साठा किती प्रचंड असतो बघा. लाल शेवाळांत हेच काम फ्लोरिडोसाइड करतं. हिरव्या उल्व्हासारख्यांमध्ये डीएमएसपी नावाचं एक गंधकवालं संयुग असतं. त्याचे तुकडे झाले की डायमिथाइल सल्फाइड सुटतो, आणि समुद्रकिनाऱ्याचा म्हणून जो एक वास आपण ओळखतो त्यात या वायूचा मोठा वाटा आहे.

डीएमएसपीची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १९४८ मध्ये फ्रेडरिक चॅलेंजर आणि मार्गारेट सिम्पसन यांनी हे संयुग पहिल्यांदा ओळखलं ते पॉलिसायफोनिया नावाच्या लाल शेवाळात. आणि त्यांनी वापरलेली पॉलिसायफोनियाची जात कुठे वाढते, तर अ‍ॅस्कोफायलमच्याच अंगावर, लालसर काळ्या झुपक्यांसारखी. म्हणजे अ‍ॅस्कोफायलम कापून आणलं की ती पाहुणी पण अनेकदा सोबत येतेच. एकाच जातीचं शुद्ध शेवाळ असं लेबलवर वाचलं की मला आधी ते झुपके आठवतात.

पण अ‍ॅस्कोफायलमचं खरं वैशिष्ट्य आहे फ्लोरोटॅनिन. फ्लोरोग्लुसिनॉल नावाच्या छोट्या फिनॉलचे एकाला एक जोडून बनवलेले मोठे रेणू, ते फक्त तपकिरी शेवाळांतच असतात, आणि काही जातींत कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आसपास पोचतात. पेशीत छोट्या छोट्या पिशव्यांमध्ये साठवलेले असतात आणि काही भाग पेशीभित्तिकेत विणलेला असतो. अतिनील किरणं शोषणं, रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन विझवणं, धातूंना पकडून ठेवणं, कुरतडणाऱ्या गोगलगायींना बेचव लागणं, सगळी कामं एकाच पदार्थाकडे. आणि हे काही कायम एकाच प्रमाणात नसतं, गरज पडली की वाढतं. स्वीडनच्या किनाऱ्यावर अ‍ॅस्कोफायलमवर झालेलं काम मला फार आवडतं. समुद्री गोगलगायींनी कुरतडायला सुरुवात केली की शेवाळात फ्लोरोटॅनिन वाढलं, इथपर्यंत ठीक, पण २००० साली हेही दाखवलं गेलं की कुरतडल्या जाणाऱ्या शेवाळाजवळच्या, ज्याला कोणी हातही लावलेला नाही अशा शेजारच्या अ‍ॅस्कोफायलममध्येसुद्धा ते वाढलं. पाण्यातून खबर गेली. मेंदू नाही, नसा नाहीत, आणि शेजाऱ्याला पाण्यातूनच कळतं की संकट आलंय.

आयोडीनवालं प्रकरण तर अजून भारी आहे. १८११ मध्ये बर्नार्ड कुर्त्वा शेवाळाच्या राखेवर काम करत असताना जांभळी वाफ निघाली आणि आयोडीन सापडलं हे शाळेत वाचलेलं असतं, पण शेवाळ ते साठवतं कशाला याचं उत्तर यायला २००८ उजाडलं. लॅमिनेरिया डिजिटाटा हे केल्प समुद्राच्या पाण्याच्या सुमारे ३०,००० पट आयोडीन जमा करतं, आयोडाइडच्या रूपात. ओहोटीत उघडं पडलं, ताण आला की ते आयोडाइड बाहेर सोडतं, आणि पृष्ठभागावरचा ओझोन आणि पेरॉक्साइड त्याच्याशी रिअ‍ॅक्ट होऊन संपतात. म्हणजे साधा एक अणू, अँटिऑक्सिडंट म्हणून वापरलेला. त्यातून निघालेली आयोडीनची वाफ हवेत जाऊन सूक्ष्म कण तयार करते आणि त्या कणांचा संबंध किनाऱ्यावरच्या ढगांच्या निर्मितीशी जोडला जातो. एका शेवाळाला ऊन लागलं आणि वरच्या हवेत बदल झाला, हे वाचल्यावर मी थोडा वेळ दुसरं काहीच वाचू शकले नव्हते.

आता येते ती गोष्ट जिच्यामुळे माझं या बाटलीबद्दलचं मत बदललं. तपकिरी शेवाळाची पेशीभित्तिका मोठ्या प्रमाणावर अल्जिनेटची बनलेली असते, लांब साखळ्या. एखादा जिवाणू किंवा परजीवी भित्तिका फोडायला लागला की त्या साखळीचे छोटे तुकडे सुटतात. आणि लॅमिनेरियाला हे तुकडे ओळखता येतात. अल्जिनेटमधल्या ग्युल्युरोनिक आम्लाच्या साखळीचे छोटे तुकडे पाण्यात टाकले तर काही मिनिटांत ते शेवाळ हायड्रोजन पेरॉक्साइडचा मोठा लोट सोडतं, म्हणजे मघाशी ज्याला शत्रू म्हटलं तेच आता हत्यार म्हणून वापरतं. ग्रासिलेरिया या लाल शेवाळात अगारच्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या भित्तिकेतल्या पदार्थाच्या, तुकड्यांनी हेच होतं. लॉजिक साधं आहे, स्वतःच्या भिंतीचे तुकडे दिसले याचा अर्थ कोणीतरी भिंत फोडतंय.

आणि जमिनीवरची झाडंही याच लॉजिकने चालतात! तपकिरी शेवाळात लॅमिनेरिन नावाचा साठवणीचा पदार्थ असतो, त्याची रचना बुरशीच्या पेशीभित्तिकेतल्या ग्लुकनसारखी असते, त्यामुळे टोमॅटोच्या पानाला लॅमिनेरिन लागलं की झाडाला वाटतं बुरशी आली, आणि ते स्वतःची संरक्षणाची यंत्रणा चालू करतं. म्हणून मी म्हणते की बाटलीत ताकद नसते, इशारा असतो. ताकद झाडाचीच. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपावर अ‍ॅस्कोफायलमचं एक्स्ट्रॅक्ट देऊन बघितलं तेव्हाही असंच दिसलं की हार्मोनसारखा जो परिणाम होतो तो मुख्यतः झाड स्वतःच आपली हार्मोन बनवायची जीन्स वर-खाली करतं म्हणून होतो, एक्स्ट्रॅक्टमध्ये तयार हार्मोन भरलेले असतात म्हणून नाही. त्यामुळे बाटलीवर ऑक्झिन, सायटोकायनिन, जिबरेलिन अशी नावं मोठ्या टाइपात दिसली की मी तरी त्याला भुलत नाही.

इथे एक प्रश्न तुमच्या मनात येईल, माझ्याही आला होता, की एवढे नाजूक पदार्थ कारखान्यात टिकतात का. अ‍ॅस्कोफायलमचं बहुतेक एक्स्ट्रॅक्ट अल्कलीने काढतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून गरम करतात. यात एन्झाइम तर सगळी मेलीच. डीएमएसपी अल्कलीत टिकतच नाही, लॅबमध्ये ते मोजायचीच पद्धत अशी आहे की अल्कली घालायची आणि सुटलेला डायमिथाइल सल्फाइड मोजायचा. फ्लोरोटॅनिन अल्कलीत हवेशी संपर्क आला की ऑक्सिडाइझ होऊन काळं पडतं, बाटलीतल्या त्या गडद रंगात त्याचा चांगला हात आहे. पण सगळंच वाईट होत नाही. मॅनिटॉल टिकतं. बीटेन, म्हणजे मॅनिटॉलसारखेच पेशीत पाणी धरून ठेवणारे छोटे रेणू, तेही टिकतात, आणि अ‍ॅस्कोफायलममध्ये ग्लायसिन बीटेनसारखे ते असतातच, पानं हिरवी राहण्याचा संबंध बऱ्याच जणांनी या बीटेनशी लावलाय, नायट्रोजन न देता पान गडद का दिसतं याचं उत्तर तिथे आहे. आणि सर्वात महत्त्वाचं, अल्जिनेटच्या लांब साखळ्या तुटून छोटे तुकडे होतात, म्हणजे जे इशाऱ्याचं काम करतात तेच तुकडे शिजवल्यामुळे तयार होतात. म्हणून कोल्ड प्रेस म्हणजे चांगलं आणि शिजवलेलं म्हणजे वाईट असं सरसकट बोलणं मला पटत नाही. २०१८ मध्ये टोमॅटोवर, पाण्याच्या ताणासाठी, एकाच अ‍ॅस्कोफायलमपासून वेगवेगळ्या पद्धतीने काढलेली एक्स्ट्रॅक्ट शेजारी शेजारी तपासली गेली होती आणि परिणाम सारखे आले नाहीत. जात तीच, पद्धत बदलली, परिणाम बदलला. आणि माझ्या बाटलीवर पद्धत लिहिलेलीच नाही. एक स्टार इथेच गेला.

माल प्रत्यक्षात कसा आहे ते सांगते. रंग जवळजवळ काळा, पाण्यात टाकला की गडद तपकिरी धागे पसरतात आणि ढवळलं की लगेच एकजीव होतो. वास खारट, थोडा ओल्या राखेसारखा, सडका अजिबात नाही, सडका वास आला तर बाटली परत करा. पीएच पेपर लावला तर पट्टी स्पष्ट अल्कलीकडे गेली, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडवाली पद्धत असणार हे लेबलने नाही तरी पट्टीने सांगितलं. तळाला गाळ बसतो, प्रत्येक वेळी हलवून घ्यावं लागतं. फवारणीच्या पंपात घालण्याआधी बारीक कपड्यातून गाळलंत तर नोझल चोक होत नाही, न गाळता घातलं तर थोड्या वेळाने फवारा वाकडा यायला लागतो. प्रमाण लिटरला दोन मिली लिहिलंय, मी तेवढंच वापरलं, जास्त घालून जास्त मिळत नाही, इशारा एकदा पोचला की पोचला.

एक गोष्ट मुद्दाम करून बघितली, तुम्हीही काचेच्या ग्लासात करून बघा. पातळ न केलेलं एक्स्ट्रॅक्ट थोडं घेतलं आणि त्यात कॅल्शियम नायट्रेटचं पाणी हळूहळू सोडलं. दोन्ही जिथे भेटतात तिथे लगेच जेलीसारखे तपकिरी लोंबते तुकडे झाले, काडीने उचलले तर काडीवर लटकून राहिले, आणि ढवळून विरघळेनात. हे अल्जिनेट आणि कॅल्शियमचं लग्न आहे, कॅल्शियमचा आयन अल्जिनेटच्या दोन साखळ्यांच्या खाचांमध्ये फिट बसतो आणि साखळ्या बांधल्या जातात. जिवंत शेवाळाची भित्तिका मजबूत पण लवचीक असते ती यामुळे, आणि शिसं, कॅडमियम, तांबं असे धातू भित्तिकेत अडकतात तेही याच खाचांमध्ये. व्यवहारातला अर्थ एवढाच की कॅल्शियमवालं कुठलंही विद्राव्य खत याच्याबरोबर एका पंपात मिसळू नका. लेबलवर ही सूचना नाहीये आणि ती असायलाच हवी होती, ड्रिपवाल्यांची तर अख्खी लाइन जाम होईल.

धातूंचा विषय निघालाच आहे तर तक्रार पूर्ण करते. तपकिरी शेवाळं पाण्यातले धातू इतके इमानदारीने गोळा करतात की फ्युकस आणि अ‍ॅस्कोफायलमचे नमुने घेऊन किनाऱ्याचं प्रदूषण मोजलं जातं. भित्तिकेतलं अल्जिनेट, फ्लोरोटॅनिन, आणि पेशीच्या आत धातूला बांधून ठेवणारी छोटी प्रोटीन, हे सगळं शेवाळाच्या स्वतःच्या बचावासाठी आहे. आर्सेनिकचं वेगळंच, आर्सेनेट दिसायला फॉस्फेटसारखं असल्यामुळे ते फॉस्फेटच्याच वाटेने आत शिरतं, मग शेवाळ त्याला साखरेशी जोडून आर्सेनोशुगर बनवतं, जे स्वतःला कमी त्रासाचं. शेवाळाने स्वतःला वाचवलं, छान. पण बाटली बनवणाऱ्याने जड धातूंचा टेस्ट रिपोर्ट द्यायला हवा ना, निदान मागितल्यावर तरी. मी मागितला, उत्तर आलं की प्रॉडक्ट पूर्ण नैसर्गिक आहे. नैसर्गिक आहे म्हणूनच तर विचारतेय, आर्सेनिकही नैसर्गिकच आहे. उरलेला अर्धा स्टार इथे गेला.

आता झाडांवर काय दिसलं. टोमॅटोच्या एकाच वयाच्या, एकाच मातीतल्या कुंड्या शेजारी ठेवल्या होत्या. काहींना ताण द्यायच्या आधी फवारणी आणि आळवणी, काहींना ताण पडून पानं लोंबल्यावर, काहींना फक्त साधं पाणी. मग पाणी तोडलं. आधी दिलेल्यांची पानं उशिरा लोंबली आणि पाणी परत दिल्यावर कडक झाली ती जवळजवळ सगळी, कडेने करपलेली पानं कमी. नंतर दिलेल्यांमध्ये आणि साध्या पाण्यावाल्यांमध्ये मला तरी काही फरक दिसला नाही. हे मी घरच्या कुंड्यांबद्दल बोलतेय, शेतातल्या प्लॉटबद्दल नाही, पण वरची केमिस्ट्री वाचली तर यात आश्चर्य काहीच नाही. इशारा ऐकून तयारी करायला झाडाला वेळ लागतो, मॅनिटॉल किंवा बीटेनचे दोन थेंब पानावर पडले म्हणून सुकलेलं झाड उठून बसत नाही. मिरचीवर फरक दिसला पण कमी. फुलझाडांना पाण्याचा ताण पडलाच नाही, त्यामुळे त्यांच्यात काही दिसलं नाही, आणि दिसायला नकोच होतं. पिवळ्या पडलेल्या, उपाशी झाडाला देऊन काही उपयोग नाही, यात नायट्रोजन अगदीच नगण्य असतो. जो काही पोटॅश असतो त्यातला बराचसा काढायच्या पद्धतीतून आलेला.

दुकानदार जे सांगतात की याने झाड कुठलंही ऊन सहन करतं, त्यावर मात्र विश्वास ठेवू नका. खुद्द शेवाळालाही ते जमत नाही. २०११ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर समुद्री उष्णतेची लाट आली तेव्हा केल्पची जंगलं सुमारे १०० किलोमीटरच्या पट्ट्यातून नाहीशी झाली. फ्लोरोटॅनिन होतं, मॅनिटॉल होतं, हीट शॉक प्रोटीन होती, सगळी केमिस्ट्री होती, तापमानच मर्यादेच्या पलीकडे गेलं. डेलिसिया पुल्क्रा हे लाल शेवाळ फ्युरॅनोन नावाचे पदार्थ बनवून जिवाणूंचे आपापसातले रासायनिक निरोप बिघडवतं, त्यामुळे ते त्याच्या अंगावर जमत नाहीत, पण पाणी गरम झालं की त्याचं हेच फ्युरॅनोन कमी पडतं आणि नेमके त्याच वेळी जिवाणू चढतात, शेवाळ पांढरं पडतं. कप्पाफायकस या लाल शेवाळाच्या शेतीत ज्याला आइस-आइस म्हणतात तो रोगही असाच, आधी उष्णता किंवा खारटपणातला बदल, मग फांदी पांढरी आणि मऊ, मग तुटून पाण्यात. बचाव बनवायला ऊर्जा लागते, ती वाढीतूनच कापली जाते. मला हे वाचताना खरंच वाईट वाटतं, कारण या जिवांनी किती कष्टाने एकेक रेणू जमवलाय आणि आपण पाणीच तापवतोय.

आणि याच कारणाने मला लेबलवर आणखी एक ओळ हवी आहे, शेवाळ कुठल्या महिन्यात आणि कसं कापलं. लॅमिनेरिन आणि मॅनिटॉल सीझनप्रमाणे वर-खाली होतात, हिवाळ्याच्या शेवटी साठा संपत आलेला असतो, उन्हाळा सरताना भरलेला. फ्लोरोटॅनिनही बदलतं. शिवाय अ‍ॅस्कोफायलम हळू वाढतं, बुडापासून उपटलं तर तो खडक परत भरायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून खाली चांगला बुंधा ठेवून वरचं कापणं आणि मग त्या जागेला विश्रांती देणं गरजेचं आहे. कंपनी हे करत असेल तर अभिमानाने लिहावं, मी तरी त्या बाटलीला प्राधान्य देईन.

दुसरी बाटली मागवली ती त्याच ब्रँडची, वेगळ्या बॅचची. रंग बराच फिका, चहासारखा लाल, वास कमी, आणि कॅल्शियमवाल्या ग्लासात जेलीचे तुकडे आधीपेक्षा बारीक आणि विरळ. लेबल मात्र अक्षर न अक्षर तेच. म्हणजे कच्चा माल वेगळ्या सीझनचा असेल, नाहीतर शिजवणं वेगळं झालं असेल, नाहीतर पाणी जास्त असेल. त्यामुळे ही बाटली सगळ्या झाडांना देत नाहीये. आधी चार रोपांवर, ताण द्यायच्या आधी फवारून, शेजारी साध्या पाण्याची रोपं ठेवून बघणार आहे, आणि बॅच नंबर टाकून कंपनीला परत लिहिलंय की महिना, पद्धत आणि धातूंचा रिपोर्ट, या तीन गोष्टी पाठवा. रिपोर्ट आला तर दीडपैकी अर्धा स्टार परत देईन.